उशीर नेमका कुठून मोजायचा?

जुलै संपत आला की माझ्याकडे एक ठरावीक पाहुणा येतो. माणूस दरवर्षी वेगळा असतो, पण हातातली पिशवी सारखीच असते. त्यात बारावीची मार्कशीट, आधार कार्डाच्या झेरॉक्स, रेशनकार्ड आणि सायबर कॅफेतून काढलेले चार-पाच कागद असतात. प्रश्नही सारखाच असतो : "सर, उशीर झाला का?"

गेल्या वर्षी आले ते फळांचा गाडा लावणारे एक बागवान चाचा होते. मुलीला विज्ञान शाखेत चांगले गुण होते आणि तिला बी. फार्म. करायचे होते. प्रवेशाची पहिली फेरी तोवर होऊन गेली होती. ओबीसीचा दाखला नसल्यामुळे मुलीने अर्ज खुल्या गटातून भरला होता आणि त्या यादीत तिचे नाव कुठेच नव्हते. दाखल्यासाठी चाचा मे महिन्यापासून फेऱ्या मारत होते. "एवढे दिवस काय केलं, असं सगळे मलाच विचारतात," ते म्हणाले. मुलगी दाराशी उभी होती, खाली मान घालून, जणू चूक तिचीच.

त्यांचा कागद अडला होता तो एका तारखेवर. महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला काढायचा, तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचा आणि त्या जातीचे असल्याचा पुरावा मागितला जातो. सर्वसाधारणपणे हा पुरावा म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. चाचांचे वडील शाळेत गेलेच नव्हते. स्वतः चाचा चौथीपर्यंत शिकले, पण त्यांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेले. गुरुजींनी विचारले नाही, घरच्यांनी सांगितले नाही. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार या नावांना सरकारी यादीत जागा आहे, हेच आपल्याकडच्या कित्येक घरांना कळले ते मुस्लीम ओबीसी चळवळीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागल्यावर. तोवर दोन पिढ्यांचे दाखले लिहून झाले होते.

म्हणजे ही मुलगी जुलैमध्ये उशिरा आली, असे आपण म्हणतो तेव्हा घड्याळ जूनमध्ये सुरू करतो. ते खरे तर तिच्या आजोबांच्या वेळेपासून लावायला हवे. आजोबा ज्या शाळेत गेले नाहीत, त्या शाळेचा दाखला नातीकडे मागितला जातो आणि तो नाही म्हणून नातीला उशीर होतो.

कॉलेजच्या दारात उशिरा पोचण्याचा आपला इतिहास जुना आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे त्याच दशकात रहिमतुल्ला सयानी यांनी एम. ए. केले. तेच सयानी १८९६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्या काळात सयानींसारखी मुस्लीम नावे बोटांवर मोजण्याइतकीच. कॉलेजची भाषा इंग्रजी, कॉलेज मुंबई-पुण्यात, आणि विणकर, बागवान, पिंजारी घरांतली मुले मात्र दहाव्या वर्षी कामाला लागलेली. दार कुणी बंद केले नव्हते, पण ते उघडे असण्याची वेळ आणि जागा या मुलांचा विचार करून ठरवलेली नव्हती.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचाही रस्ता सरळ नव्हता. बद्रुद्दीन तय्यबजींचे उदाहरण घ्या. वडील व्यापारी, थोरले भाऊ कमरुद्दीन आधीच इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर झालेले. बद्रुद्दीन १८६० मध्ये इंग्लंडमध्ये शिकायला लागले. पण डोळ्यांनी दगा दिला आणि १८६४ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. वय वीस. शिक्षण सोडून पेढीवर बसायला एवढे कारण पुरेसे होते. पुढच्याच वर्षी ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. पुढे न्यायमूर्ती झाले, १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण माझ्या मते त्यांचे मोठे काम १८७४ चे आहे. त्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली आणि १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. मध्येच थांबलेले शिक्षण पुन्हा सुरू करता येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यासाठी घरात पैसा आणि पाठीशी माणसे लागतात, हेही ठाऊक असणार. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांच्यासाठी संस्था लागते.

तारखांचा आणि कागदांचा जाच तेव्हाही होता. १८६९ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर हे दोघे लंडनमध्ये आय. सी. एस. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. नंतर वयाची मर्यादा ओलांडल्याचे कारण देऊन दोघांची नावे यादीतून काढण्यात आली. आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष धरण्याची रीत होती, साहेबाच्या कागदात पुरे झालेले वर्ष धरत. सोळावे चालू असलेल्या मुलाचे वय सोळा लिहिले गेले आणि तो कागदावर थोरला झाला. प्रकरण लंडनच्या कोर्टापर्यंत गेले, तेव्हा नावे परत यादीत आली. परीक्षा पास झालेल्यांना दोन रीतींमधल्या फरकामुळे 'तुमची वेळ गेली' असे ऐकावे लागले. १९६७ चा पुरावा शोधणाऱ्या चाचांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

उशिराची सर्वांत बोलकी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास सोडून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. मग बडोद्याची नोकरी, तिथला अपमान, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगारातून शिल्लक टाकली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला पोचले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२३ मध्ये डी. एस्सी.

या गोष्टीत बुद्धी आणि जिद्द आपल्याला लगेच दिसते. मला त्यातला परवानगीचा कागद तितकाच महत्त्वाचा वाटतो. जाताना त्यांनी दार नुसते लोटून घेतले, कडी लागू दिली नाही. आणि मधली तीन वर्षे वाया गेली, ती गेलीच. उशिराचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, त्याची किंमत द्यावी लागते. ज्यांना ती परवडत नाही त्यांची नावे इतिहासात येत नाहीत.

स्वतः उशिराचा चटका सोसलेल्या माणसाने कॉलेज काढले तर ते कसे असते, हेही आपल्याला माहीत आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, ते सकाळच्या वर्गांचे. नोकरी करणाऱ्या मुलाने आधी वर्गात बसावे आणि मग कामावर जावे, अशी सोय. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहे उभी केली, त्यात १९०६ चे मुस्लीम बोर्डिंगही आहे. खेड्यातल्या मुलाला गुण कमी पडत नव्हते, शहरात पाठ टेकायला जागा कमी पडत होती. या तिघांनी विद्यार्थ्याला 'वेळेवर ये' असे बजावण्याआधी वेळच त्याच्या सोयीची केली.

आणि उशीर संस्थाही करतात. सर मोहम्मद युसूफ इस्माईल यांनी मुस्लिमांच्या उच्च शिक्षणासाठी १९१४ मध्ये आठ लाख रुपये दिले. त्या देणगीतून जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झाले ते १९३० मध्ये. मध्ये सोळा वर्षे गेली. १९१४ मध्ये सोळा वर्षांचा असलेला मुलगा तोवर बत्तीस वर्षांचा, बापही झालेला असणार. त्याला कुणी विचारले नाही की तुझे राहिलेले कॉलेज कुणाच्या उशिरामुळे राहिले.

म्हणून 'उशीर झाला का?' या प्रश्नाला मी आता सरळ उत्तर देत नाही. आधी विचारतो, कागद कुठे अडलाय? शाळेचा पुरावा नसेल, तर गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी म्हणजे कोतवाल बुक तपासा, चुलत आजोबांचा दाखला शोधा, जुना खरेदीखताचा कागद बघा. दाखल्याचा अर्ज केला असेल, तर त्याची पावती जपून ठेवा. मूळ प्रमाणपत्र नंतर आणून देण्याची मुभा सरकारने अनेक वर्षी दिलेली आहे, मात्र त्या त्या वर्षीची सूचना वाचावी लागते. शेवटच्या फेऱ्यांत आणि संस्थेच्या पातळीवर जागा उरतात. त्यांचीही यादी लागते, पण ती बघायला कॉलेजात स्वतः जावे लागते. तेही जमले नाही, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी आहे. तिथे फार्मसी होणार नाही, पण पदवीचे वर्ष रिकामे जाणार नाही.

चाचांना कोतवाल बुकात त्यांच्या आजोबांच्या नावाची नोंद सापडली. मोडी अक्षरातली, जातीच्या जागी स्वच्छ 'बागवान' लिहिलेली. मोडी वाचणारा माणूस शोधण्यात आठ दिवस गेले. दाखला हातात आला तोवर नेहमीच्या फेऱ्या संपल्या होत्या. शेवटच्या फेरीत मुलीला प्रवेश मिळाला, घरापासून साठ किलोमीटरवर. वसतिगृह नाही. एस. टी. चा पास काढला आहे, पहाटे पाचला निघते.

त्याच्या आदल्या वर्षी आलेला मुलगा मात्र 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून गेला होता. तो मोबाइलच्या दुकानात लागला. परवा भेटला, हसून सलाम केला. कॉलेजचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

आपल्या मोहल्ल्यात दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. ट्रॉफ्या वाटल्या जातात, फोटो निघतात. सत्काराच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून जानेवारीतच दहावी-बारावीच्या प्रत्येक घरी एक माणूस पाठवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याने फक्त तीन गोष्टी विचाराव्यात : आजोबांचे गाव कोणते, दाखल्यावर जात काय लिहिली आहे आणि नॉन क्रिमीलेअर काढले का. या वर्षी त्या फेरीसाठी पहिला माणूस मिळाला आहे. बागवान चाचा म्हणाले, दुपारी गाडा पोरगा सांभाळेल, मी येतो.