धूर खोटा, घाट खरा: माथेरानच्या राणीची गोष्ट

कानात इअरफोन असेल तर उत्तम, नसेल तर हा भाग इथे वाचूनही चालेल.

मी मूळचा नेसरीचा. म्हणजे अशा गावचा, जिथे रेल्वे कधी आलीच नाही. लहानपणी आम्हाला आगगाडी बघायची तर गडहिंग्लजमार्गे एसटीने थेट कोल्हापूर गाठावं लागायचं. तिथल्या प्लॅटफॉर्मवर आजोबा नेहमी एकच वाक्य बोलायचे, "बाळा, ही गाडी संस्थानची होती." पुढे तारखा वाचल्या तेव्हा पटलं. १८८८ मध्ये कामाला सुरुवात झाली आणि १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर गाडी धावली. शाहू महाराजांच्या हाती कारभार आला तो त्यानंतर, १८९४ मध्ये.

तर मध्यंतरी ऑफिसच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. नेरळ-माथेरानची छोटी गाडी, पुढे काळं इंजिन, वर धुराडं, धूर, शिट्टी. एकदम झकास! मी तो आजोबांना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि विचारलं, "कोळसा टाकणारा माणूस कुठाय?"

तो नव्हताच. कारण हे वाफेचं इंजिन नाहीच. मध्य रेल्वेने डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचं रूप दिलंय. गुजरातेतही असंच आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ ला अहमदाबाद ते एकतानगर अशी वारसा गाडी सुरू झाली. तिचं इंजिनही दिसतं वाफेचं, चालतं विजेवर. आमच्या भाषेत सांगायचं तर फ्रंटएंड १९०७ चं, बॅकएंड आजचं.

मग ही फसवणूक आहे का? आजोबांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी माथेरानचा इतिहास काढून बसलो.

माथेरान जवळपास ८०० मीटर उंचावर. नेरळ पार खाली, पायथ्याला. पूर्वी वर जायचं तर चालत, घोड्यावर नाहीतर पालखीत. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या उद्योगपतींच्या कुटुंबाने इथे रेल्वे न्यायचं मनावर घेतलं. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी कामाची धुरा उचलली. खर्च झाला साधारण १६ लाख रुपये, तोही त्या काळातले! १९०४ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि मार्च १९०७ मध्ये गाडी वर पोचली. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, मार्ग सुमारे २१ किलोमीटर, आणि चढ काही ठिकाणी विसाला एक. म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मोठ्या रेल्वेला असला चढ परवडत नाही.

खरी गंमत इंजिनात होती. घाटात वळणं इतकी तीव्र की साधं इंजिन रुळावरून उतरलंच असतं. जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कोपेल कंपनीने अशी इंजिनं दिली, ज्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांना थोडं बाजूला सरकता यायचं. इंजिन वळणाबरोबर वळायचं. हे डिझाइन मला आजही भारी वाटतं.

१९५० च्या दशकात तिथे डिझेल इंजिनं आली, १९८० च्या दशकात वाफ बंद झाली. जुन्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पोचलं, एक पार इंग्लंडला गेलं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. डिझेलनेही या घाटात जवळपास सत्तर वर्षं घाम गाळलाय, वाफेइतकाच. पण आज आपण त्याच्यावर काळं कवच चढवतो आणि म्हणतो, हा आमचा वारसा. डिझेलचा इतिहास आपण स्वतःच झाकतोय. मला खटकतं ते इथे.

याच्या उलट एक उदाहरण बघा. इंग्लंडमध्ये 'पेपरकॉर्न ए-वन' जातीची ४९ इंजिनं होती. १९६६ पर्यंत सगळी भंगारात गेली, एकही उरलं नाही. १९९० मध्ये काही वेड्या लोकांनी ठरवलं की पन्नासावं आपण बनवू. सामान्य लोकांनी दरमहा थोडे थोडे पैसे दिले. जुने आराखडे शोधले, साधारण तीस लाख पौंड लागले आणि २००८ मध्ये 'टोर्नाडो' नावाचं इंजिन स्वतःच्या वाफेवर धावलं. म्हणजे बायनरी डिलीट झाली होती, पण सोर्स कोड हाती होता. म्हणून पुन्हा कम्पाइल करता आलं. यात कोळसा टाकणारा माणूस आहे, आणि त्याला ते शिकावंही लागतं.

म्हणजे माथेरानचं इंजिन वाईट आणि टोर्नाडो चांगलं, असं आहे का? मला तसं नाही वाटत. २०१९ च्या पावसात नेरळ-माथेरान मार्ग वाहून गेला आणि पूर्ण गाडी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. ज्या गावात मोटारींना बंदी आहे, तिथे तीन वर्षं नेरळहून गाडी वर आली नाही. हमाल, घोडेवाले, हॉटेलवाले, सगळ्यांचं पोट पर्यटकांवर. त्यांना इंजिनाचा धूर खरा की खोटा, याच्याशी काय देणंघेणं? गाडी वर आली पाहिजे. आणि काळं इंजिन बघायला चार माणसं जास्त येत असतील तर येऊ देत की!

माझं मागणं एवढंच आहे की शेजारी एक पाटी लावा. आत डिझेल आहे, ते कधी आलं आणि मूळ इंजिनाची चाकं कशी सरकायची. मुलं वाचतील.

आमच्या नेसरीत २४ फेब्रुवारी १६७४ च्या लढाईचं स्मारक आहे. प्रतापराव गुजरांचं नाव गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण बरोबरच्या सहा जणांची नावं विचारा, आमच्यातले निम्मे अडखळतात. माथेरानचंही तेच. पीरभॉय हे नाव राहिलं. डोंगर फोडणारे मजूर आणि भट्टीपुढे भाजून निघालेले फायरमन कोण होते, हे कुठल्याच पाटीवर नाही.

मजूर आता भेटणार नाहीत, पण फायरमन भेटतील. भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ मध्ये थांबली. म्हणजे त्या इंजिनांवर काम केलेले लोक आज आपल्या आजूबाजूला आहेत. मिरजेत, कुर्डुवाडीत, कदाचित तुमच्याच गल्लीत. तुमच्या खिशात रेकॉर्डर आहे. जा, बसा त्यांच्यापाशी, आणि विचारा: भट्टी कशी पेटवायची, चढावर कोळसा कसा टाकायचा, वाफ कमी पडली की काय करायचं?

हाच तो सोर्स कोड. लिहून ठेवला तर पुढेमागे कुणीतरी खरं इंजिन बांधेल.

आजोबांचं रेकॉर्डिंग मी सुरू केलंय. ते रेल्वेत नव्हते, नुसते प्रवासी होते. पण डोळ्यात कोळशाचा कण गेला की डोळा चोळायचा नाही, हे त्यांनीच सांगितलं. हे काही गुगलवर सापडलं नसतं.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!