विषादविकार : निवारण की नियंत्रण (यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात)

विषादविकार : मनाची खिन्नता, कशातही रस न उरणे, झोप व भूक यांतील बिघाड, अकारण थकवा, आपण निरुपयोगी आहोत ही बोचणी आणि निर्णयशक्तीचा ऱ्हास, यांपैकी अनेक लक्षणे किमान दोन आठवडे दिवसाचा बहुतेक काळ टिकून राहिल्यास वैद्यकशास्त्र ज्यास विकार मानते, तो. व्यवहारात यास नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात. यवतमाळकडील रुग्णाच्या तोंडी मात्र हे शब्द सहसा येत नाहीत. तो ‘गमत नाही’ म्हणतो, ‘आंगात जीवच नाही’ म्हणतो, आणि फारच खोदून विचारले तर ‘टेन्शन आहे’ एवढ्यावर थांबतो. चरकसंहितेने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादास अग्रस्थान दिले आहे, आणि गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. परंतु अर्जुनाचा विषाद प्रसंगातून उद्भवलेला होता व त्याचा सारथी रथावरच बसलेला होता, या दोन्ही सोयी ज्यास नाहीत अशा माणसाला तो दाखला देताना जपून द्यावा.

हा विकार समूळ जातो की जन्मभर सांभाळावा लागतो, या प्रश्नाचे उत्तर रुग्णाचा हा कितवा आवेग आहे हे विचारल्यावाचून देता येत नाही. विषादाचा आवेग उपचार न करताही बहुधा सहा महिने ते वर्षभरात ओसरतो. म्हणूनच त्या अवधीत ज्याचा अंगारा लावला असेल त्या देवऋषीस, आणि शेवटची बाटली ज्याने दिली असेल त्या डॉक्टरास, आयते श्रेय मिळते. पण ओसरणे म्हणजे सुटणे नव्हे. मनोविकारशास्त्राच्या ग्रंथांत रूढ असलेल्या अंदाजानुसार पहिल्या आवेगानंतर सुमारे निम्म्या रुग्णांस, दोन आवेगांनंतर सुमारे 70 टक्क्यांस आणि तिसऱ्यानंतर सुमारे 90 टक्क्यांस तो पुन्हा गाठतो. हे आकडे मुख्यतः रुग्णालयापर्यंत पोचलेल्या, म्हणजे अधिक जर्जर झालेल्या रुग्णांवरून काढलेले असल्याने सर्वसामान्य लोकांत प्रमाण याहून कमी असावे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि त्यांतून निघणारा निर्णय स्पष्ट आहे : पहिलाच आवेग असलेल्या माणसाने पूर्ण बरे होण्याची उमेद बाळगावी, ती भाबडी नाही, आणि ज्याच्यावर तो तीनदा येऊन गेला त्याने मधुमेह्याप्रमाणे मनाची देखरेख कायम ठेवावी, त्यात पराभव नाही.

औषधांच्या बाबतीत होणारी चूक मुदतीची असते. विषादहारक गोळ्यांचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यानंतरही त्या किमान सहा महिने चालू ठेवून, पुढे वैद्याच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. आठव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून एक जण सोडतो, दुसऱ्या महिन्यात ‘बरं झालं’ म्हणून दुसरा सोडतो, आणि दोघेही गावात जाऊन ही औषधे कुचकामी असल्याची ग्वाही देतात. औषधाखेरीज संभाषणोपचाराचे महत्त्व आहे. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत रुग्णास त्याच्या सुटलेल्या नित्यकर्मांकडे टप्प्याटप्प्याने परत आणण्याचा जो प्रयोग केला, त्यात तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण लक्षणमुक्त आढळले. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. हा निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नास एक निराळे वळण मिळते. येथील शेती बहुतांशी कोरडवाहू, पीक मुख्यतः कापूस व सोयाबीन. मृगात पेरणी, पावसाने डोळे वटारले तर दुबार पेरणी, दिवाळीनंतर वेचणी आणि पुढे वसुलीचा तगादा, हे चक्र दरवर्षी त्याच क्रमाने फिरते. अन्यत्र रुग्ण बरा होतो तेव्हा आघाताचे कारण बहुधा मागे पडलेले असते. येथे ते पुढील जूनमध्ये पुन्हा दारात उभे राहते. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबाने 19 मार्च 1986 रोजी केलेला सामूहिक देहत्याग महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून सांगितला जातो, आणि त्या तारखेस आजही अन्नत्याग करून स्मरण केले जाते. तेव्हापासून ‘सारे कर्जामुळे’ म्हणणारा एक पक्ष आणि ‘सारे मनोविकारामुळे’ म्हणणारा दुसरा पक्ष यांचा वाद चालू आहे. प्रस्तुत लेखकास दोन्ही पक्ष अर्धेच वाटतात. प्रत्येक आत्महत्येमागे विषादविकार असतो असे नाही, आणि विषादविकार झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक जगतात, हेही तितकेच खरे.

सरकारी दप्तरात तर या विकारास जागाच नाही. 23 जानेवारी 2006 च्या शासननिर्णयानुसार मयताच्या वारसांस एक लाख रुपयांची मदत मिळते, ती नापिकी, कर्जफेडीची असमर्थता आणि वसुलीचा तगादा या कारणांवर. सातबारा, थकबाकीचा दाखला, पंचनामा असे कागद जोडून प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते. मयत महिनोन्महिने झोपत नव्हता, बोलत नव्हता, हे सांगून प्रकरण अपात्र होईल या धास्तीने घरचे लोक ते सांगत नाहीत, आणि विकार कागदावर उमटतच नाही. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या 3,750 कोटींच्या योजनेची मुख्य कलमेही सिंचन, व्याजमाफी, कर्ज व बियाणे हीच होती.

पुढे दृष्टी थोडी बदलली. 2015 मध्ये यवतमाळ व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले, आणि शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या प्रेरणा प्रकल्पाखाली आशा कार्यकर्तीकडे घरोघरच्या पाहणीचे काम आले. तिचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. ओसरीवर बसून ‘दादा, जेवण जाते का? झोप लागते का?’ असे ती विचारते, तेव्हा उत्तर बहुधा आतून, चुलीजवळून, बायको देते. आणि खरे काय ते त्या आतल्या आवाजावरूनच कळते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत चाललेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात विषादग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. यश मोठे खरे. पण शंभरातील सुमारे त्र्याहत्तर तरीही दूरच राहिले.

वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यवतमाळ शहरात आहे, परंतु उमरखेड किंवा झरी-जामणीच्या माणसास तेथवर दर महिन्यास येणे म्हणजे एक मजुरी बुडविणे. अशांसाठी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून उपलब्ध आहे. तिचा क्रमांक 14416 असून ती विनामूल्य व अहोरात्र चालते, आणि तेथे मराठीत बोलता येते.