मिकी मँटलचे ‘पहिले कार्ड’ : संपादकीय तळटीप
१. ग्रंथकर्त्याने येथे ज्यास बेसबॉलपटू मँटलचे पहिले कार्ड म्हटले आहे, ते १९५२ साली टॉप्स कंपनीने च्युइंगमच्या पाकिटांतून वितरित केलेले ३११ क्रमांकाचे असून, काटेकोर अर्थाने तो मान बोमन कंपनीच्या १९५१ मधील २५३ क्रमांकाच्या कार्डाचा आहे. तथापि निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी बॅट खांद्याशी धरलेल्या, टॉप्सच्या कार्डावरील तरुणावरच संग्राहकांचा जीव जडला, आणि ते यथायोग्यच होय. हंगामाच्या अखेरीस निघाल्यामुळे या कार्डाच्या मालिकेचा पुष्कळ माल शिल्लक राहिला व १९६० मध्ये तो अटलांटिक महासागरात टाकण्यात आला, असे टॉप्सचे साय बर्जर यांचे कथन आहे. सदर कार्ड छपाईच्या तावावर दोनदा घेतलेले असल्याने मालिकेत सर्वांत दुर्मिळ नव्हे. दुर्मिळ आहेत ते चारही कोपरे शाबूत आणि समास चहूबाजूंनी सारखे असलेले नग.