टांचेची आर व घोड्याचें शिक्षण

बखरींच्या वाचकांस ‘टांच मारणें’ हा शब्दप्रयोग इतका परिचित आहे कीं, त्यांतील टांच म्हणजे नेमकी कोणती वस्तु, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. इंग्रजी तवारिखांचे भाषांतरकार युरोपीय स्वाराच्या बुटास जडलेल्या लोखंडी आरेसहि ‘टांच’च म्हणतात. त्यामुळें आमच्या राउताच्या पायींहि तसेंच लोखंड होतें, असा समज सहज होतो. तो तपासण्यापूर्वीं युरोपांत घोड्यास आरेची ओळख कशी करून देत असत हें पाहणें अवश्य आहे. कारण आर हें केवळ बोंचण्याचें हत्यार नव्हे, तिच्यामागें एक शिक्षणक्रम आहे.

स्वारीविद्येवरील सर्वांत जुना समग्र उपलब्ध ग्रंथ ग्रीक सेनानी झेनोफन याचा, इ. स. पू. चौथ्या शतकांतला. त्या काळीं ग्रीकांस रिकीब ठाऊक नव्हती. आर मात्र होती, व तिचें ग्रीक नांव ‘म्युओप्स’, म्हणजे गोमाशी असेंच होतें. नवख्या घोड्यास खंदक ओलांडावयास शिकविण्याची झेनोफनची रीत मोठी समजूतदार आहे. प्रथम स्वारानें पायउतार होऊन, घोड्याची दोरी हातीं घेऊन, आपण आधीं पलीकडे जावें व मग घोड्यास ओढावें. तो अडलाच तर मागून दुसऱ्यानें चाबूक लगवावा. पुढें पाठीवर बसून लहान चरांपासून आरंभ करावा आणि ऐन उडीच्या क्षणीं आर लावावी, म्हणजे घोडा सर्व अंग गोळा करून उडी घेईल. येथें आर ही शिक्षा नसून वेळेवर दिलेली खूण आहे. केवळ दिमाखासाठीं आर व चाबूक चालविणाऱ्यांस झेनोफन दोष देतो, कारण त्यायोगें घोडा उलट बावचळतो.

मध्ययुगांत सोन्याचा मुलामा दिलेली आर हें सरदारकीचें चिन्ह बनलें. इ. स. १३०२ त कोर्त्राय येथें फ्लेमिश पायदळानें फ्रेंच सरदारांचा मोड केला, तें युद्ध आजहि सोनेरी आरांच्याच नांवानें ओळखलें जातें. परंतु मानचिन्हांचा हा इतिहास घोड्याच्या शिक्षणावर कांहींच प्रकाश पाडीत नाहीं.

तो प्रकाश मिळतो ला गेरिनियेर या फ्रेंच शिक्षकाच्या इ. स. १७३३ मधील ‘एकोल द काव्हालेरी’ या ग्रंथांत. त्यानें केलेला भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. स्वाराच्या पायाकडून घोड्यास मिळणाऱ्या सूचना तो दोन वर्गांत घालतो : एक साहाय्य, दुसरी शिक्षा. मांडीचा दाब, पोटरीचा दाब, रिकिबीवर दिलेला भार आणि पोटाजवळच्या केंसांस केलेला आरेचा हलका स्पर्श हीं सारीं साहाय्यें होत. आरेचा सरळ तडाखा ही शिक्षा. म्हणजे एकच लोखंड, परंतु चिमटा आणि घाव यांचें प्रकरण अगदीं निराळें. ज्या घोड्यास पोटरी समजत नाहीं त्यास आर लावली तर तो पुढें न जातां तिच्यावरच रेलतो, लाथ झाडतो किंवा जागींच खिळतो. अशा घोड्यास फ्रेंच शिक्षकांनीं ‘रामँग’ असें स्वतंत्र नांवच दिलें आहे. अशा हट्टास पुष्कळदा शिकविणाऱ्याची घाई कारण असते, असें आमचें मत आहे.

एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स्वा बोशे यानें हा क्रम आणखी बारकाईनें बांधिला. त्याचा ग्रंथ इ. स. १८४२ चा. प्रथम जबडा व मान मऊ करावयाची, मग पोटरीस उत्तर देण्यास शिकवावयाचें, आणि त्यानंतरच आर. तीहि अगदीं हलकेपणानें, पायरी पायरीनें वाढवीत. आरेनें उठलेला जोर हातानें झेलावयाचा आणि घोडा शांत होतांच थांबावयाचें. हीच पद्धति कॅप्टन लुई नोलन यानें इ. स. १८५२ मध्यें रिसाल्याच्या नव्या घोड्यांसाठीं पुस्तकरूपानें मांडली. हा गृहस्थ पंधराव्या हुसार पलटणीबरोबर हिंदुस्थानांत राहिलेला असून इ. स. १८५४ त बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यांत मारला गेला.

आतां आमच्याकडे वळूं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील अश्वमेधविषयक सूक्तांत घोड्यास स्वाराकडून पोंचलेल्या इजेचा उल्लेख आहे, व तेथें साधनें दोनच सांगितलीं आहेत : पार्ष्णि व कशा, म्हणजे टांच व चाबूक. पुढें मुसलमानी अमलांत घोड्याच्या सामानाची परिभाषा बव्हंशीं परकी झाली. जीन, लगाम, तंग, खोगीर, रिकीब, चाबूक हे शब्द फारसी-अरबींतून आले. कमची तुर्कींतून आली. परंतु त्याच भाषांतील आरेचा वाचक ‘महमेज’ हा शब्द मात्र मराठी बोलण्यांत उरला नाहीं. वस्तु नित्याची असती तर शब्दहि टिकता, असा आमचा तर्क आहे. कोणी म्हणेल कीं, घोडा शिकविणाऱ्यास मराठींत ‘चाबूकस्वार’ म्हणतात, हाहि त्याचाच पुरावा. तो आम्ही घेत नाहीं. फारसींत ‘चाबुक’ याचा एक अर्थ चपळ असाहि आहे.

यावरून आमची रीत युरोपपेक्षां दयाळू होती असें मात्र कोणी समजूं नये. इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील आरियन ‘इंडिका’ ग्रंथांत सांगतो कीं, हिंदी घोड्यांच्या तोंडाभोंवतीं कच्च्या कातड्याची पट्टी असे व तिला आंतल्या बाजूनें कांटे बसविलेले असत. म्हणजे लोखंड होतें, पण तें कुशीस नव्हे, तोंडास. आणि आर हा शब्द तर आमच्या शेतकऱ्याच्या रोजच्या वापरांतला आहे. तो ती पराणीच्या टोंकास बसवितो, बैलासाठीं.