लोहाराच्या पाण्यापासून लेसरच्या किरणापर्यंत

कुऱ्हाड घडवून झाली की लोहार ती लाल तापवतो आणि धारेची बाजू तेवढी पाण्यात बुडवतो. याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. सगळी कुऱ्हाड तो का बुडवीत नाही? कारण पाणी दिलेले पोलाद कठीण होते, तसेच ठिसूळही होते. धार कठीण हवी, अंग चिवट हवे; नाहीतर पहिल्याच घावाला तुकडा उडायचा! पोलाद कठीण करण्याचा सारा इतिहास या एका पेचाभोवती फिरतो.

मऊ लोखंड कोळशाच्या भुकटीत पुरून तासन् तास तापवले, तर त्याची वरची कातडी पोलादाची बनते, ही युक्ती कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. १७२२ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पोलाद करण्याच्या विद्येवर ग्रंथ लिहिला. पण लोखंडात शिरते ते नेमके काय, हे त्यालाही उमगले नाही. तो कार्बन होय, हे १७८६ मध्ये व्हांदरमाँद, बर्थोले आणि माँज यांनी दाखवून दिले. म्हणजे कारागिराचा हात शास्त्राच्या कितीतरी पुढे चालला होता.

१९६० साली अमेरिकेत मेमन यांनी पहिला लेसर किरण निर्माण केला. १९६४ मध्ये कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधून काढला. हे पटेल जन्माने आपल्या बारामतीचे, आणि अभियांत्रिकी शिकले पुण्यात! त्यांचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण मोठ्या शक्तीचा करता येतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत मोटारीच्या सुकाणूचे भाग अशा किरणाने कठीण करू लागले.

त्याची पुढची पायरी अशी. पोलादावर क्रोमियमसारख्या धातूची भुकटी पसरतात आणि वरून किरण फिरवतात. वरचा पातळ थर वितळतो, भुकटी त्यात मुरते, आणि किरण पुढे सरकताच थर गोठतो. मग पाणी कोण देते? खालचे थंड पोलादच ती उष्णता ओढून घेते. कातडी बदलते, अंग चिवटच राहते. मात्र थर फार घाईने गोठला तर त्याला तडे जातात; म्हणून किरणाचा वेग आणि ताप जपावा लागतो. लोहारही भट्टीतल्या लोखंडाचा रंग पाहून तापच जपत असतो.

शिक्षकबंधूंनो, एखाद्या दिवशी मुलांना गावच्या लोहाराकडे घेऊन जा. 'काका, सगळी कुऱ्हाड का बुडवत नाही?' एवढेच त्यांना विचारू द्या. पुढचा धडा वर्गात सोपा जाईल.