मनवेलपाड्याहून दर्या दरवाज्यापर्यंत

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात राहणाऱ्या माणसाला समुद्र जवळ आहे असे सहसा वाटत नाही. खिडकीतून दिसतात त्या इमारती, पाण्याचे टँकर आणि पहाटेपासून स्टेशनकडे धावणाऱ्या रिक्षा. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतील मुलांना समुद्र म्हटला की जुहूची चौपाटी आठवते. आपण स्वतः एका जुन्या बंदराच्या शेजारी राहतो हे त्यांना ठाऊक नसते. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही त्याची जाणीव नव्हती.

सातवीच्या वर्गात मराठ्यांचा इतिहास शिकवताना वसईच्या मोहिमेचा विषय निघाला. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, इस किले में अपना क्या है?" आम्ही घाईघाईने उत्तर देऊन टाकले, "पोर्तुगीजांच्या आधी वसई गुजरातच्या सुलतानाकडे होती." वर्ग खूश झाला. आम्ही मात्र घरी येईपर्यंत बेचैन झालो. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. मुलाने विचारले होते एक आणि आम्ही सांगितले होते भलतेच. बी.एड.च्या वर्गात शिकवले होते की उत्तर देण्याआधी मुलाचा प्रश्न नीट समजून घ्यावा. तो धडा आम्हीच विसरलो होतो.

म्हणून एका रविवारी दोन सहकारी शिक्षक आणि सहा मुले यांच्यासह आम्ही निघालो. सोबत वाटाड्या नव्हता. एक वही, पाण्याच्या बाटल्या आणि घरून बांधून आणलेले पराठे एवढीच शिदोरी होती. ज्या वाटेने गेलो ती येथे लिहितो, कारण ही सफर कोणालाही करता येण्यासारखी आहे.

विरारहून लोकलने एकच स्टेशन, नालासोपारा. पश्चिमेला उतरून सोपारा गावाच्या दिशेने पायी चालत गेले की वस्तीच्या गर्दीत विटांचा एक मोठा ढिगारा लागतो. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला आणि तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. त्या पेटीत एकात एक बसवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक निघाले. आत भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते. सोबत आठ धातूच्या मूर्तीही होत्या.

त्याच वर्षी जवळच्या भटेला तळ्यापाशी भगवानलालांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली भुईगावला सापडला. दोन्ही शिळा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आठव्या लेखाचा विषय मोठा मजेचा आहे. तो प्रवासाबद्दलच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी दौरे काढीत. अशोकाने ते सोडले आणि धर्मयात्रा सुरू केल्या. ब्राह्मण-श्रमणांना भेटणे, वृद्धांची विचारपूस करणे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी बोलणे, याला तो यात्रा म्हणतो. आम्ही हे स्तूपाच्या कुंपणापाशी उभे राहून मुलांना सांगितले. एक मुलगी म्हणाली, "मतलब सिर्फ पत्थर नहीं देखना, लोगों से भी मिलना है." आमच्या सफरीचा नियम तिने तेथेच ठरवून टाकला.

पण येथे बंदर कुठे आहे? मुलांनी हे विचारणे साहजिक होते. आज तेथे चारी बाजूंनी घरे आहेत. पूर्वी खाडीचे पाणी येथवर येत असे आणि त्यातून गलबते ये-जा करीत. पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात या बंदराचे नाव 'सुप्पारा' असे आले आहे. संस्कृत ग्रंथांत ते 'शूर्पारक' आहे. अरब लेखकांनी त्याला 'सूबारा' म्हटले. असे का, हे आमच्या मुलांना समजावावे लागले नाही. अरबी लिपीत 'पे' नाही, 'बे' आहे. उर्दूच्या पहिल्याच कायद्यात मूल 'बे' आणि 'पे' यांच्या नुक्त्यांतला फरक शिकते. एका मुलाने वहीत दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी लिहिली आणि सोपाऱ्याचा सूबारा कसा झाला हे सगळ्यांना दाखवले. इतक्या वर्षांत इतिहासाचा एवढा सोपा पाठ आम्ही घेतला नव्हता.

अल-मसूदी हा मुसाफिर इ.स. 916 च्या सुमारास या किनाऱ्यावर आला होता. तो सैमूरला, म्हणजे आजच्या अलिबागजवळच्या चौलला, राहिला. सैमूर, सूबारा आणि ताना, म्हणजे ठाणे, ही नावे तो एका ओळीत घेतो. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते आणि याच भूमीवर जन्मलेलेही होते. राज्य बल्हराचे, म्हणजे राष्ट्रकूटांचे होते. ही माणसे तलवार घेऊन आली नव्हती. व्यापाराला आली, येथे घरे केली, येथेच त्यांची मुले वाढली. सोपारा गावातील जुन्या मुस्लिम वस्तीतून जाताना हे सारे मनात येत होते. पुढे चक्रेश्वर तळ्याकाठी मंदिरापाशी ब्रह्मदेवाची जुनी मूर्ती पाहिली आणि तळ्याच्या सावलीत पराठे खाल्ले.

खाडी गाळाने भरत गेली आणि सोपारा समुद्रापासून दुरावला. तरी पाणी आपली जुनी वाट विसरलेले नाही. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि विरारची लोकल बंद पडली. त्या दिवसांत आमची मुले गुडघाभर पाण्यातून दूध आणायला गेली होती. सखल जमीन, खाडी, मिठागरे, तिवरे यांचे नाते त्यांना नकाशावर दाखवले तेव्हा ती एकदम गप्प झाली. जुना किनारा ही केवळ पुस्तकातली गोष्ट नाही, तो पावसाळ्यात आपल्या दारापर्यंत येतो.

सोपाऱ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत पायी जाणे मुलांना झेपणारे नाही. आम्ही वसईपर्यंत वाहनाने गेलो, झेंडाबाजारात उतरलो आणि तेथून पुन्हा चालू लागलो. तटातून आत शिरले की झाडीत पडक्या चर्चच्या भिंती दिसू लागतात. फरशीवर पोर्तुगीज घराण्यांच्या कबरींचे दगड आहेत. लेख रोमन लिपीत आहेत. मुलांनी त्यांतले आकडे तेवढे वाचून काढले. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानमध्ये नागासाकीला मारले गेले आणि 1862 साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या नावाचे चर्च किल्ल्यात आहे. जवळच नागेश्वराचे मंदिर आहे आणि चिमाजी अप्पांचा पुतळाही आहे.

आता आमच्या अपुऱ्या उत्तराकडे येतो. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्या मलिक तुघान या सरदाराने वसईला तटबंदी केली होती हे खरे. पण पुढचेही सांगायला हवे. उत्तरेकडून हुमायूनचा दाब वाढला तेव्हा बहादूरशहाला पोर्तुगीजांची मदत हवी झाली. 23 डिसेंबर 1534 रोजी त्याने तह केला आणि वसई तिच्या ताब्यातील मुलुखासह पोर्तुगीजांना देऊन टाकली. मुंबईची बेटेही त्यातच गेली. पुढे 1537 साली दीवच्या समुद्रात त्याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो बुडून मेला. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी दीर्घ वेढ्यानंतर वसई घेतली. शरण आलेल्या पोर्तुगीजांना त्यांनी शस्त्रे आणि कुटुंबकबिल्यासह सन्मानाने जाऊ दिले. येथील चर्चच्या घंटा मंदिरांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर 1721 हे साल आजही वाचता येते. आणि 31 डिसेंबर 1802 रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गमावले. होळकरांकडून हरल्यामुळे तो येथे आश्रयाला आला होता.

दोन राज्यकर्ते, एक सुलतान आणि एक पेशवा. दोघेही घरच्या लढाईत अडचणीत आले आणि दोघांनीही परक्याशी सौदा केला. महिनाही एकच, डिसेंबर. मुलांना हे सांगताना आम्ही कबूल केले की वर्गात आम्ही अर्धेच सांगितले होते. सुलतानाचे नाव घेऊन आम्ही तुम्हाला खूश केले, पण त्यानेच ही वसई देऊन टाकली, हे गाळले. मुले रागावली नाहीत. उलट त्यांनी जास्त प्रश्न विचारले.

शेवटी दर्या दरवाजा. त्यातून बाहेर पडले की किल्लाबंदरच्या कोळ्यांच्या होड्या आणि समोर वसईची खाडी. 2024 च्या फेब्रुवारीत येथून भाईंदरला वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. सुकत घातलेल्या मासळीपाशी एक कोळीण बसली होती. मुलांनी नियमाप्रमाणे तिची विचारपूस केली. तिने मासळीची नावे सांगितली, भरती-ओहोटी कशी ओळखायची ते सांगितले आणि मग विचारले, "तुम्ही कुठले रे?"

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला आम्ही पाहत होतो. त्याचे आजोबा उत्तर प्रदेशातून आलेले. कोणी विचारले की तो नेहमी आजोबांच्या गावाचे नाव सांगतो. त्या दिवशी तो म्हणाला, "मनवेलपाडा."

कोळीण म्हणाली, "मनवेल तर आमच्यात माणसाचं नाव असतं." आणि ती हसली. वसईच्या ख्रिस्ती घरांत ते नाव खरोखरच असते. मुलगाही हसला आणि त्याने वहीत ते लिहून घेतले, आधी उर्दूत आणि खाली मराठीत.

त्याच्या मूळ प्रश्नाला आमच्याकडे आज एवढेच उत्तर आहे. या किल्ल्यात आपले काय आहे, हे एका राजाच्या नावाने सांगता येणार नाही. भिक्षू, व्यापारी, सुलतान, पाद्री, पेशवे येथे आले. त्यांतले पुष्कळ गेले, काहींची लेकरे राहिली. कोळी मात्र कायम राहिले. आपण लोकलने आलो, सर्वांत शेवटी. जो येथे राहतो त्याने हा किनारा ओळखून घ्यावा, त्याची अक्षरे वाचावी आणि त्याची गटारे-तिवरे सांभाळावी. आपलेपण त्यातूनच येते.

वाचकांपैकी कोणी शिक्षक असतील तर त्यांनी आपापल्या गावची अशी एक वाट मुलांबरोबर जरूर चालावी. पुढच्या थंडीत आम्ही अर्नाळ्याला जाणार आहोत, इन्शाअल्लाह. तेथे होडीत बसावे लागते, म्हणून मुले आतापासूनच दिवस मोजत आहेत.