केरसुणी कोणी बांधली?

पितृपक्ष निम्मा सरला की आपल्या घरोघरी एक यादी तयार होते. केरसुणी, खराटा, जळमटे काढायला लांब काठीचा झाडू, साबणाच्या वड्या, घासण्या, फिनाइल, रंगाचा डबा. घट बसायच्या आत घर लख्ख व्हावे, गोधड्या-चादरी धुऊन वाळाव्यात, हा आपल्याकडचा जुना नेम. या नेमामागे देवी आहे, तसे ऊनही आहे. सोलापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो सप्टेंबरात. तो ओसरला की भिंतींची ओल, कोंदट वास, धान्यातले किडे यांचा बंदोबस्त करायला आश्विनाचे कडक ऊन हाताशी येते. आज मला या यादीचीच गोष्ट सांगायची आहे. तिच्यातली एकेक वस्तू कुठून आली आणि कोणाच्या हातून आली, ते पाहू.

आपल्या पणजीची यादी निराळी होती. तिच्यातले बहुतेक सामान विकत आणायचे नव्हतेच. घर माळवदाचे, भुई मातीची. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत. पीक देणारी ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. या पांढरीतली चिकट पांढरी माती पाट्या भरभरून आणायची, पावसाळ्याआधी माळवदावर पसरून चोपायची आणि सणाआधी भिंतींना तिचा पोतेरा द्यायचा. भुईला शेणाचे सारवण. भांड्यांना चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. तांब्यापितळेला चिंच. रेशमी लुगड्याला रिठे. यात अडाणीपणा काही नव्हता. राखेतला क्षार तेलकटपणा सोडवतो, चिंचेची आंबट धातूवरचा काळपट थर काढते आणि रिठ्याचा फेस रेशमाला जपतो. पुढे कारखान्यांनी वड्या-बाटल्यांत भरून विकले ते याच गुणांचे पदार्थ. फक्त ही माती, हे शेण, हे पाणी डोक्यावरून वाहून आणणे बाईच्याच वाट्याला होते, आणि त्या कष्टाची कोणी मोजदाद ठेवली नाही.

या सगळ्या सामानात एक वस्तू मात्र घरची बाई स्वतः करत नसे. ती म्हणजे केरसुणी. आपल्या सोलापुरात तिला नावेही तीन भाषांतली. मराठी घरात केरसुणी, कानडी घरात कसबरिगी, पूर्व भागातल्या तेलुगू घरात चीपुरू. ओढ्याकाठच्या शिंदीची पाने कापायची, वाळवायची, चिरून बारीक करायची, पिसारा सारखा करायचा आणि मुठीजवळ दोरीने घट्ट आवळायचे. मूठ सैल राहिली तर केरसुणी चार दिवसांत विस्कटते. दिसायला साधे, करायला कौशल्याचे आणि हात सोलून काढणारे हे काम.

हे काम गावगाड्यात मांग समाजाकडे, आजच्या भाषेत मातंग समाजाकडे होते. केकताडाचे आणि अंबाडीचे दोर वळायचे, कासरे करायचे, शिंकी करायची आणि घरोघरी केरसुण्या द्यायच्या. त्याबद्दल रोख पैसा नव्हता. सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते मिळे आणि सणासुदीला भाकरतुकडा. समाजातल्या बायका केरसुण्या बांधत आणि डोक्यावर भारा घेऊन दारोदार पोहोचवत.

आता लक्ष्मीपूजनाचा दिवस आठवा. नवी केरसुणी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचे, लक्ष्मी म्हणून नमस्कार करायचा. तिला पाय लागू द्यायचा नाही, लागलाच तर हात जोडायचे. मध्यरात्री सूप वाजवत केर बाहेर काढायचा, म्हणजे अलक्ष्मी गेली. केरसुणीचा असा मान की ती पार देवापुढे जाऊन बसते. पण ती बांधणारी बाई अंगणातच थांबे. तिच्या पदरात धान्य पडे ते वरून, शिवाशिव होऊ नये म्हणून. वस्तू घरात चालली, हात चालला नाही. आपल्या यादीतली ही सगळ्यात अवघड ओळ आहे.

हे फक्त खेड्यापाड्यातले नव्हते. आपल्याच जिल्ह्यातले पंढरपूर पाहा. आषाढी-कार्तिकीची यात्रा सरली की विठ्ठलाच्या मंदिरात प्रक्षाळपूजा होते. लाखो वारकऱ्यांच्या पायांची धूळ धुऊन सारे मंदिर स्वच्छ करतात. वर्षाच्या मोठ्या साफसफाईचे याहून भव्य रूप आपल्या भागात दुसरे नाही. पण याच मंदिराच्या दारात शतकानुशतके अस्पृश्य मानलेल्या भक्तांना थांबावे लागले. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा विठ्ठलाचे एवढे लाडके भक्त, तरी त्यांची समाधी आहे ती मंदिराबाहेर, नामदेव पायरीजवळ. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी आपल्या अभंगांतून विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न केला. ज्या देहाची उत्पत्तीच विटाळातून, त्यातला कोणता देह सोवळा म्हणायचा? सहाशे-सातशे वर्षांपूर्वी एका बाईने स्वच्छता वेगळी आणि सोवळे वेगळे, हे इतके नेमके ओळखले होते.

त्या दारासाठी साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. त्याच्याही आधीपासून एक माणूस हातात खराटा घेऊन महाराष्ट्रभर फिरत होता. गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांच्या मनातली घाण झाडायची, हा त्यांचा परिपाठ. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. झाडणे हे कोणा एका जातीचे काम नाही, हे त्यांनी खराटा स्वतःच्या हातात घेऊन दाखवले.

इकडे यादीही बदलत होती. १८६० साली सोलापूरला रेल्वे आली. १८७७ साली जुनी गिरणी निघाली, शहर वाढले. शहाबाद याच रेल्वेमार्गावर, त्यामुळे तिथली फरशी इकडे सहज येऊ लागली. मातीची भुई जाऊन फरशी आली तसे सारवण गेले आणि ओले फडके आले. जुनी विरलेली चादर, विटलेला टॉवेल फरशी पुसायच्या कामी येऊ लागला. १८९६ साली मुंबई इलाख्यात प्लेग आला, आणि घरे चुन्याने व जंतुनाशकाने धुण्याची सक्ती होऊ लागली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या बंगाल केमिकलसारख्या देशी कारखान्यांनी फिनाइल बनवले. १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा विकायला सुरुवात केली, आणि धुण्याची पावडर गिरणीकामगाराच्या, विडी वळणाऱ्या बाईच्याही आवाक्यात आली. बाईचे कष्ट त्याने खरेच हलके झाले, हे मानायला हवे.

पण नव्या यादीत धोकाही आला. संडास घासायचे ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र केली तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. म्हणून ही दोन्ही कधीही एकत्र वापरू नका. याच ॲसिडने मुलींचे चेहरे जाळले गेले, म्हणून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीवर बंधने घातली. आपल्या पणजीच्या चिंचेने कोणाचा जीव घेतला नव्हता.

गावगाड्यातली कनिष्ठ वतने १९५८च्या कायद्याने संपली. बलुतेही हळूहळू सुटले आणि त्याबरोबर ती लाचारीही. हे चांगलेच झाले. पण शिंदीची केरसुणी बांधणाऱ्या बाईला त्या जागी काय मिळाले? फुलझाडू मेघालयाच्या डोंगरांतून येतो, प्लास्टिकचा कारखान्यातून. दिवाळीच्या आठवड्यात बाजाराच्या कडेला एक बाई केरसुण्यांचा ढीग मांडून बसते. आपण हजारांचा रंग, शेकड्यांचे साबण छापील किमतीला घेतो, आणि लक्ष्मी म्हणून पुजायच्या केरसुणीसाठी मात्र पाच-दहा रुपयांची घासाघीस करतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, विणणाऱ्या हातांचे गाव साऱ्या देशाला कळले. केरसुणीचे गाव कोणी विचारत नाही.

म्हणून यंदाच्या यादीत केरसुणी पहिल्या ओळीत लिहा. ती बांधणाऱ्या बाईकडूनच घ्या, ती सांगेल त्या किमतीला घ्या. तुम्ही कुठल्या, शिंदी आता कुठून आणता, लेकी हे काम करतात की शाळेत जातात, हेही विचारा. घरी कामाला येणाऱ्या मावशींना या आठवड्यात दुप्पट काम पडते, त्याचे वेगळे पैसे द्या आणि चहा आपल्याच कपात द्या. लक्ष्मीपूजनाला केरसुणीवर हळदकुंकू वाहाल, तेव्हा ती बांधणारीचे नाव तुम्हाला ठाऊक असू द्या.